स्वच्छ दाखला

धाकट्याची परदेशातली पदवी पूर्ण झाली होती. आता तिथेच राहून नोकरी करायची तर व्हिसा हवा आणि व्हिसासाठी पोलिसांचा दाखला हवा, म्हणून तो चार दिवस घरी आला होता. पोलीस ठाण्यात थोरला भाऊ सोबत आला. कुठल्या खिडकीशी उभं राहायचं आणि कुठलं बाक डुगडुगतं, हे त्याला पाठ होतं.

खिडकीतल्या हवालदाराने थोरल्याला लगेच ओळखलं. "काय रे, आज कुणाला उडवून आलास?"

"भावाचा दाखला न्यायला आलोय, साहेब."

हवालदाराने दाखल्यावर शिक्का मारला. "याच्या नावावर साधी तक्रारसुद्धा नाही. एकाच आईची दोन लेकरं, पण याने नाव काढलं आणि तू दिवे लावलेस. भरधाव मोटारसायकल घातलीस, म्हातारा जागच्या जागी गेला. धाकट्याकडून शिक जरा काहीतरी."

"हो, साहेब," थोरला म्हणाला.

शाई वाळेपर्यंत धाकटा शिक्क्याकडे बघत राहिला. मग त्याने दाखला फाइलीत ठेवला.

बाहेर येऊन तो मोटारसायकलच्या मागच्या सीटपाशी उभा राहिला. किल्ली थोरल्याच्या खिशात होती. अपघाताच्या त्या संध्याकाळपासून थोरल्याने ती पुन्हा कधी धाकट्याच्या हातात दिली नव्हती.