खोवा जलेबीवरची माशी

पायलताईचं मागचं स्थळ डासांच्या विषयावर मोडलं होतं. म्हणून या वेळी सिहोऱ्याहून धम्मदीप आणि त्याची आई कुसुमबाई तिला पाहायला आले, तेव्हा आईने आधीच बजावलं होतं, "कीटकशास्त्र शिकवते म्हणू नको. नुसतं कॉलेजात शिकवते म्हण."

सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात कुसुमबाईंच्या हातातल्या खोवा जलेबीवर माशी बसली.

"घरात माशा लई झाल्या जी," आई घाईघाईने म्हणाली.

"आई, ही घरमाशी नाही," ताई म्हणाली. "घरमाशी करडी असते, पाठीवर चार काळ्या रेघा असतात. ही बघ कशी निळी चमकून राहिली. घरमाशी कचऱ्यावरून येते, ही मेलेल्या जनावरावरून."

कुसुमबाईंनी जलेबी खाली ठेवली. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती माशी मीच आणली होती. धम्मदीप उठला आणि सरळ बाहेर गेला. हेही स्थळ गेलं, हे सगळ्यांना कळलं.



थोड्या वेळाने तो दोन्ही तळव्यांत काहीतरी गुणगुणणारं जपून धरून परत आला आणि ताईसमोर उभा राहून म्हणाला, "पायलजी, और ये वाली?"