वेडाची तालीम

"मी स्टोव्ह आहे," जयवंत म्हणाला.

हवालदाराने वहीत काही लिहिलं नाही. चटईवर उकिडव्या बसलेल्या जयवंताकडे तो नुसता बघत राहिला. मग त्याने कालिंदीबाईंना विचारलं, "ह्यो कधीपासनं स्टोव्ह हाय?"

"गोळीबार झाला त्या दिवसापासून," कालिंदीबाई म्हणाल्या. ठरल्याप्रमाणे.

कालिंदीबाई काळाचौकीच्या या चाळीत बायकांचा साक्षरता वर्ग चालवत. जयवंताची बायको कांता त्यांची विद्यार्थिनी, जोडाक्षरांपर्यंत पोचलेली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात दगडफेक करणाऱ्यांच्या यादीत जयवंताचं नाव होतं. साहेबांनी हवालदाराला बजावलं होतं, माणूस खरंच वेडा असेल तर सोडून ये, पण कुणा शहाण्याचं तसं लेखी आण. वेडाबद्दल लेखी देईल असं माणूस साऱ्या चाळीत एकच. समाजशिक्षकांना मनाच्या आजारांची ओळख करून देणारं आठ दिवसांचं शिबिर कालिंदीबाई नुकत्याच करून आल्या होत्या. त्यातले दोन दिवस हरताळात बुडाले. ढोंग कसं ओळखायचं, ते नेमकं त्या दोन दिवसांत होतं.

खोटं लेखी पकडलं गेलं तर वर्ग बंद, आणि जयवंताबरोबर बाईही आत.

"मला पिन मारा," जयवंत म्हणाला. "मग पेटतो."

दारात गोळा झालेली चाळ हळहळली. शेजारच्या राधाबाईंना तेवढ्यावर राहवेना. "सकाळी नळाशी बोलतो हो हा!"

"कुठल्या भाषेत?" हवालदाराने विचारलं.

"मराठीत."

"मराठीत न्हवं? मग त्यात येड कसलं?"

"कधी कधी द्विभाषिक बोलतो," राधाबाई घाईघाईने म्हणाल्या.

हवालदार हसला नाही. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुढे वाकला. "रॉकेल किती लागतं रं तुला?"

हे तालमीत नव्हतं. जयवंताने कांताकडे पाहिलं. कांताने पदराआडून दोन बोटं दाखवली.

"दोन," जयवंत म्हणाला.

"दोन काय? बाटल्या का पिंपं?"

जयवंताने पुन्हा कांताकडे पाहिलं.

"बाई," हवालदार म्हणाला, "गावाकडं जत्रेच्या नाटकात धा वर्सं कामं केली म्यां. येडं माणूस बायकूकडं बघून उत्तर देत न्हाई. ते शाण्याचं काम." त्याने टोपी उचलली. "ऊठ गड्या. माझं मन काय म्हणतं ते इचारू नगंस. ड्यूटी हाय."

कांताचा चेहरा चुन्यासारखा झाला. "थांबा ना हवालदारसाहेब! बाईंचं तपासून कुठे झालंय?"

कालिंदीबाईंनी शिबिराची वही उघडली. जे पान हाताला लागलं त्यावरचा पहिला प्रश्न त्यांनी वाचून टाकला.

"झोप कशी लागते?"

या खेपेला जयवंताने कांताकडे पाहिलं नाही. उकिडवा होता तो सावकाश मांडी घालून बसला.

"लागली असती हो. पण तो दारात उभा असतो ना."

"कोण?"

"रघू. गिरणीत आमच्या खात्यातला. मी म्हणतो, आत ये रे, किती वेळ उभा राहशील? तर म्हणतो, नको, शर्ट ओला आहे. वहिनीने लादी पुसलीय, डाग पडतील." जयवंताने गुडघ्यावरची लेंग्याची सुरकुती हाताने सारखी केली. "म्हणून मी पण जागाच राहतो. तो उभा आणि आपण आडवं व्हायचं, बरं दिसत नाही."

हवालदाराने दाराकडे पाहिलं. "कुठं असतो ह्यो रघू?"

राधाबाई म्हणाल्या, "गेला तो. जानेवारीत, गोळीबारात. ह्याच्याच अंगावर पडला."

हवालदार थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "द्या लिहून, बाई."

कालिंदीबाईंनी लिहिलं. दोन ओळी, खाली सही.

"स्टोव्हचं लिवलं न्हाई न्हवं?"

"नाही."

"ब्येस केलं. सायेब हसलं असतं." त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. चाळ दोन्ही बाजूंना सरली, दार मोकळं झालं. तरी उंबरठ्याशी तो थबकला आणि अंग चोरून, कडेकडेने बाहेर पडला.

जिन्यावरचे बूट वाजायचे थांबले तशी कांताने सगळ्यांना घालवून दार लावून घेतलं. दाराला पाठ टेकली आणि तोंडात पदर कोंबून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बाई, मी मेलेच होते! त्या मेल्या स्टोव्हनं पार बुडवलं होतं आपल्याला. पण रघूभावजींचं ते आयत्या वेळी काय घातलंत हो तुम्ही! माझ्याच अंगावर काटा आला. मला पण कळू दिलं नाहीत!"

कालिंदीबाई वही बांधत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मी नाही घातलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तू बसवून घेतलंस."

कांताचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, उतरायचं विसरल्यासारखं. ती नवऱ्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "गेले हवालदार. संपलं सगळं. उठा आता."

"ते कळलं गं," जयवंत म्हणाला. "पण दार का लावलंस?"