एकच शेवटचा

"कॅमेऱ्याला डोळा लावला की सारंग बहिरा होतो गं. भरती मात्र पाठीमागून येते," सासूबाईंनी लग्नानंतर लगेच बजावलं होतं. केतकीनं ते हसण्यावारी नेलं.

आज तान्ह्याला खांद्यावर घेऊन ती किनाऱ्यावर बसली होती. समोर, ओहोटीत कोरड्या पडलेल्या घळीपलीकडे कातळ, कातळावर धुकं, आणि धुक्यात कुठेतरी ट्रायपॉड लावून उभा सारंग. रात्री बाळानं डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता.

"अहो फोटोवाले, पाणी चढतंय!" ती अधूनमधून ओरडायची.

"एकच शेवटचा!" धुक्यातून उत्तर यायचं.

असे किती शेवटचे झाले, देव जाणे. घसा बसला, मन विटलं. बाळाला ओढणीखाली घेऊन तिनं डोळे मिटले. आता हाक मारायची नाही.

थोड्या वेळानं तोच ओरडत आला, कमरेएवढ्या पाण्यातून, कॅमेरा डोक्यावर धरून. "हाका का थांबवल्यास? तुला काही झालं की काय म्हणून वळलो, तर मागची घळ भरलेली!"

तिला रागवायचं होतं. तेवढंही त्राण नव्हतं.

तुमच्याही मागे रोज कटकट करणारं कुणी आज गप्प असेल, तर हातातलं ठेवा आणि आधी त्यांना बघून या.