पीचचे डोहाळे

तलासरीजवळच्या सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात जीवन पीचचा वास बनवायचा. पीच त्याने कधी पाहिलं नव्हतं. कारखान्यातही ते कधी आलं नव्हतं; तिथे यायचे ते रसायनांचे ड्रम. वरोरला, त्याच्या समुद्रकाठच्या गावी, बायकोला, भाविनीला, दिवस गेले आणि सुक्या बोंबलांच्या वासाने तिला घास गिळवेना. संध्याकाळी जीवन घरात शिरला की मात्र तिचा चेहरा खुलायचा. "अहो, तुमच्या अंगाला ज्याचा वास येतो ना, तेच फळ मला पाहिजे!"

डहाणूच्या बाजारात शेवटी एक पीच सापडलं. जीवन ते दोन्ही हातांत धरून असा आला, की अख्खी आळी बघायला लोटली. त्याच्या आईने, पुतळीने, ते आधी देवापुढे ठेवलं आणि मग विळी घेतली.

भाविनीने फोड हुंगली. "हे ते नाय."

जीवनने रोज ड्रम तपासतो तशी फोड नाकाशी धरली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "माल नापास. वासच नाय याला."

"मग तूच बस इथे," म्हणत पुतळीने त्याला, अंघोळही करू न देता, सुनेच्या ताटाशेजारी बसवलं. भाविनी पोटभर जेवली, वर भात मागून घेतला. आळीत एकच जल्लोष झाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जीवनला बदामाचा वास बनवणाऱ्या खात्यात बढती दिली. जीवनने हात जोडले.

"साहेब, बाळंतपण होईपर्यंत थांबा. सध्या मी घरी तोंडी लावायला लागतो."