सरावाचा पाहुणा

दारात उभ्या माणसाने खोली मिळेल का विचारलं, आणि काकूंना हसू आलं. पाठांतर बरं होतं त्याचं.

महिन्यापूर्वी खरे पाहुणे आले, तेव्हा काकूंची जीभ टाळ्याला चिकटली होती. त्या मागच्या दाराने परसात गेल्या त्या गेल्याच. पाहुणे कंटाळून निघून गेले. गावोगाव घरगुती मुक्कामाचं प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी मग तोडगा काढला. आमच्या ऑफिसातला एकजण सरावाचा पाहुणा म्हणून पाठवते, म्हणाल्या. आपलाच माणूस, त्याच्यापुढे हवं तेवढं चुका.

आजही तोंड उघडलं नाही तर दारावरची पाटी उतरवायची, हे काकूंनी स्वतःच ठरवलं होतं. त्या खोलीत बटाट्याची पोती कुठे रचायची, ते धाकट्या जावेने आधीच बघून ठेवलं होतं.

पण आपल्याच माणसाची कसली भीती? काकूंनी त्याला आधी बूट बाहेर काढायला लावले. मग खोली दाखवली. खिडकीची कडी जरा हट्टी आहे, तिला गोंजारावं लागतं, हेही सांगितलं. सगळं छान आहे, असं तो म्हणाला, तशा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"असं नाही चालायचं. काहीतरी तक्रार करा बघू. मी शिकणार कशी?"

तो गोंधळला. "उशी... थोडी कडक आहे."

"हां, आता कसं," म्हणत काकूंनी आपली स्वतःची मऊ उशी आणून दिली.

चहा झाला. गप्पांच्या नादात काकूंनी त्याच्यापुढे मटाराच्या शेंगांचं ताट सरकवलं आणि सोलताना दाणे खाल्ले म्हणून त्याला दटावलंही. तो खाली मान घालून म्हणाला, आई गेल्यापासून असं कुणी रागावलं नव्हतं. हे जरा जास्तच होतंय, असं काकूंना वाटलं. डोळे मात्र भरून आले.

त्या पाणी घ्यायला उठल्या, तर जाऊ हळूच म्हणाली, "जाऊबाई, खऱ्या पाहुण्यापुढे अशा बोललात तर मानीन."

काकूंचा चेहरा उतरला. तेही खरंच होतं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. प्रशिक्षणाच्या बाई धापा टाकत आत आल्या. मागे बॅग सांभाळत एक टकले गृहस्थ.

"काकू, रागावू नका हं, वाटेत टायर पंक्चर झाला. हे आमच्या ऑफिसातले, तुमचे सरावाचे पाहुणे."