आत घ्या

“माझ्या सासूला यांनी मारलं,” सून म्हणाली आणि तिने बोट सरळ वसाहतीच्या मॅनेजरवर रोखलं.

चौकशी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. “बाई, जपून बोला. बंद खोलीत कोळशाची शेगडी तुमचीच होती.”

“मी पेटवली ती बाहेर.”

खरं होतं. वादळाने तारा तोडल्या आणि वसाहतीतल्या साऱ्या विजेच्या शेगड्या थंड पडल्या. सुनेने माळ्यावरची जुनी कोळशाची शेगडी काढली, व्हरांड्यात पत्र्याच्या आडोशाला मांडली, भात चढवला. आतून सासूची टकळी चालूच. पाय गेले होते, तोंड शाबूत होतं.

“मारायचं तर जेवू घालून मार गं. उपाशी मेले तर भूत होऊन तुझ्या मानेवर बसेन.”

“आत्ता कुठे बसलाय मग?” सून म्हणाली. नात खुदखुदली.

तेवढ्यात मॅनेजर आला. “व्हरांड्यात जाळ नको. भिंती काळ्या होतात, आत्ताच रंग दिलाय. आत घ्या.”

“आत धूर कोंडेल, साहेब.”

“निखाऱ्याला कसला आलाय धूर? आत घ्या, नाहीतर खोली खाली करा.”

तिने आत घेतली. वाऱ्याने खिडक्या उघड्या राहत नव्हत्या, त्या ओढून घेतल्या. ती खाली टाकीवर पाण्याला गेली. परत आली तर नात उंबऱ्याशी ओकत पडलेली. सासू खाटेवर, गाल लालबुंद, जन्मात पहिल्यांदा गप्प. सुनेने पोरीला बाहेर ओढलं, शेजारणीच्या हवाली केलं आणि गाडी मागायला धावली. पोर वाचली. म्हातारी नाही.

आता मॅनेजरने हात जोडले. “साहेब, निखाऱ्याने माणूस मरतो हे मला काय माहीत? माहीत असतं तर सांगितलं नसतं का?”

अधिकाऱ्याने सुस्कारा सोडला. “दोघांचंही अज्ञान. मिटवू या.” त्याने पेन उचललं.

“थांबा. गाडी मागायला मी यांच्याच दारात गेले होते. हे अंगणात बसलेले, चिंब भिजून. हातात छत्री होती, पण डोक्यावर नव्हती. शेगडीवर धरली होती. मागे यांचं चार खोल्यांचं घर, कोरडं ठाक. विचारा ना साहेब, यांनी आपली शेगडी आत का नाही घेतली?”