भिंतीआडचा धडा

"लूसोन," मास्तर पुन्हा म्हणाले आणि बांधलेला हात त्यांनी खाटेच्या कठड्यावर आपटला.

"अहो, असं मधूनच काय? पहिल्यापासून म्हणा," त्यांची बायको म्हणाली. "लूओ, लूएइस, लूएइ." म्हणता म्हणता तिने मनगटावरची सैल झालेली पट्टी ओढली आणि नवी गाठ मारायला घेतली.

मास्तरांनी जन्मभर प्राचीन ग्रीक शिकवलं. मेंदूच्या झटक्याने वाचा नेली, ती या एका शब्दाची रूपं तेवढी ठेवून. "घोकलेलं मागे उरतं, त्यात अर्थ शोधू नका," डॉक्टर म्हणाले होते. नाकातली नळी मास्तरांनी दोनदा उपसली. पुन्हा निघाली तर जिवावर बेतेल म्हणून हात बांधायचे ठरले. गाठ मात्र बायकोच मारी. परक्याचा हात कशाला लागायला हवा?

शब्द तिच्या कानाच्या ओळखीचा होता. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत शिकवणी भरायची, दाराशी चपलांचा ढीग पडायचा, आणि आत भांडी विसळताना भिंतीआडून हा पहिला धडा ऐकू यायचा. मुलं बदलली, केस पिकले, धडा तोच. तिला तो चालीवर पाठ झाला. अर्थ तिने कधी विचारला नाही, त्यांनी कधी सांगितला नाही. आता गाठ मारताना ती तो म्हणून दाखवी, आणि मास्तरांचे डोळे भरून येत. तिला वाटे, जुनं आठवून बरं वाटतंय बिचाऱ्यांना.

"आजी, शाळा भरली वाटतं," असं म्हणत सिस्टर हसून पुढे जाई.

आज दारात मास्तरांची जुनी विद्यार्थिनी उभी होती. आता तीही हेच शिकवायची.

"ये गं. बघ, तुझे सर सुधारतायत. आधी नुसतं लूओ म्हणायचे, चार दिवस झाले, लूसोनपर्यंत मजल गेलीय."

विद्यार्थिनीने सरांकडे पाहिलं. मग पट्टीकडे.

"काकू, बांधताना तुम्ही रोज हे म्हणता?"

"म्हणते ना. तेवढाच त्यांना धीर."

"काकू, लूसोन म्हणजे सोड."

मास्तर बायकोकडे टक लावून बघत होते. गाठ अजून तिच्या बोटांत अर्धीच होती.

"आणि लूओ?" तिने विचारलं.

"मी सोडते."